सेंद्रिय भाजीपायी ताटातली भाजी कमी करावी का?

म्हापशाजवळच्या एका गावातून वाचक भगिनी लिहितात: "माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. नवरा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असून घर एका पगारावर चालते. माझी नणंद पणजीला राहते. बाजारातली भाजी म्हणजे निव्वळ विष आहे आणि लहान मुलाला ती देणे हा गुन्हा आहे, असे ती प्रत्येक भेटीत सांगते. तिचे ऐकून गेले काही महिने मी भाजी, तांदूळ आणि डाळी पणजीच्या एका सेंद्रिय दुकानातून आणते. भाव जवळजवळ दुप्पट पडतो, त्यामुळे आठवड्यातून दोनच दिवस पालेभाजी होते, फळे जवळपास बंद झाली आहेत आणि बाकीचे दिवस बटाटा, कांदा आणि कडधान्यांवर भागवते. सासूबाईंचे म्हणणे असे की शुक्रवारच्या बाजारात गावठी भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांकडून घेतले की झाले, ते सगळे सेंद्रियच असते. यावरून घरात रोज कुरबुर होते. सेंद्रिय अन्न खरोखरच अधिक चांगले असते का? आणि आजवर मुलाला जे खाऊ घातले, त्याने त्याचे काही नुकसान झाले असेल का?"

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्नच तुम्हाला सर्वांत जास्त छळतो आहे हे पत्रावरून दिसते, म्हणून त्याचे उत्तर आधी. बाजारातील नेहमीची भाजी धुऊन, शिजवून मुलाला दिली यात तुम्ही त्याचे काही वाईट केलेले नाही. केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या देशव्यापी तपासणीत २०१४-१५ या वर्षी भाज्या, फळे, धान्ये, मसाले, दूध अशा पदार्थांचे २०,६१८ नमुने तपासले गेले. त्यांपैकी १८.७ टक्के नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश आढळले आणि ठरवून दिलेली कमाल मर्यादा ओलांडणारे नमुने २.६ टक्के होते. माणसाने आयुष्यभर रोज खाल्ली तरी चालेल अशी जी मात्रा शास्त्रज्ञ धरतात, ती प्राण्यांवरील प्रयोगांत काहीही परिणाम न दिसलेल्या मात्रेच्या साधारण शंभराव्या भागाइतकी असते, हेही येथे लक्षात घ्यावे. त्याच तपासणीत मंजुरी नसलेली कीटकनाशके साडेबारा टक्के नमुन्यांत सापडली होती. ही गोष्ट गंभीर आहे आणि ती झाकून ठेवून तुम्हाला धीर देणे मला योग्य वाटत नाही. मात्र या आकड्यांवरून बाजारातली प्रत्येक जुडी विषारी आहे, असा अर्थ निघत नाही.

तुमच्या पत्रातील ज्या वाक्यापाशी मी थांबलो, ते निराळेच आहे. आठवड्यातून दोनच दिवस पालेभाजी आणि फळे जवळपास बंद, हे तुम्ही ओघात लिहून गेला आहात, पण तुमच्या मुलाच्या बाबतीत आज होत असलेले निश्चित नुकसान तेवढेच आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला पालेभाज्यांतून आणि फळांतून मिळणारे लोह, जीवनसत्त्वे आणि चोथा यांचे मोल कित्येक दशकांच्या अभ्यासातून सिद्ध झालेले आहे, तर बिनसेंद्रिय भाजी सोडल्याने मुलाची प्रकृती सुधारते असे अजून कोणी दाखवून दिलेले नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली या विषयावर निवेदन काढले, त्यातही हेच सांगितले होते: सेंद्रिय भाजीत कीटकनाशकांचे अंश कमी असतात हे खरे, परंतु मुलांनी भरपूर फळे आणि भाज्या खाव्यात हे सर्वांत महत्त्वाचे, मग त्या कोणत्याही पद्धतीने पिकवलेल्या असोत. तेव्हा दुसरे काही करण्याआधी या आठवड्यापासून मुलाच्या जेवणात रोज एक पालेभाजी किंवा फळभाजी आणि रोज एक फळ परत आणावे, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असते का, यावर जगभर शेकडो अभ्यास झाले आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली अशा दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला आणि जीवनसत्त्वांच्या बाबतीत दोन्ही प्रकारांत म्हणण्यासारखा फरक त्यांना आढळला नाही. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील गटाने २०१४ साली ३४३ शोधनिबंध तपासले. सेंद्रिय पिकांत पॉलिफिनॉलसारखी, पेशींचे रक्षण करतात असे मानली जाणारी अँटिऑक्सिडंट द्रव्ये जास्त आणि कॅडमियम हा घातक धातू कमी असल्याचे त्यांना दिसले, तर कीटकनाशकांचे अंश सापडण्याचे प्रमाण नेहमीच्या पिकांत सुमारे चौपट होते. अंशांच्या बाबतीत दोन्ही आढाव्यांचा कौल एकाच बाजूचा आहे, पौष्टिकतेच्या बाबतीत मात्र मतभेद आहेत. माझे मत असे की पौष्टिकतेतला हा फरक भाजी किती ताजी आहे आणि ती कशी शिजवली जाते यांच्यापुढे फारसा टिकत नाही. सकाळी काढून दुपारपर्यंत बाजारात आलेली तांबडी भाजी आणि चार दिवस शीतकपाटात पडलेली सेंद्रिय पालक यांत मी डोळे झाकून पहिली निवडीन.

सेंद्रिय खाल्ल्याने आजार टळतात का, या प्रश्नाचे उत्तर याहूनही अवघड आहे. फ्रान्समध्ये सुमारे ६९,००० प्रौढांचा काही वर्षे मागोवा घेऊन २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सर्वांत जास्त सेंद्रिय खाणाऱ्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण सुमारे २५ टक्के कमी आढळले, आणि या बातमीची जगभर चर्चा झाली. परंतु त्याआधी चार वर्षे, ब्रिटनमधील सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात एकूण कर्करोगाच्या प्रमाणात तसा फरक दिसला नव्हता. शिवाय सेंद्रिय अन्न नियमित विकत घेणारी माणसे बहुधा जास्त शिकलेली आणि अधिक कमावणारी असतात, व्यायाम करतात, धूम्रपान कमी करतात आणि मुळातच भाजी जास्त खातात, त्यामुळे त्यांच्या आरोग्याचे श्रेय नेमके कशाला द्यावे हे संख्याशास्त्राच्या कितीही कसरती केल्या तरी पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे लहान मुलांवर झालेला एक छोटा अभ्यास मात्र तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन ते अकरा वर्षांच्या २३ मुलांना नेहमीच्या आहाराऐवजी पाच दिवस सेंद्रिय आहार दिला, तेव्हा मॅलेथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या दोन कीटकनाशकांच्या खुणा त्यांच्या लघवीतून जवळपास लगेच नाहीशा झाल्या, आणि नेहमीचे अन्न सुरू करताच त्या परत दिसू लागल्या. त्या खुणांमुळे मुलांना काही अपाय होत होता का, हे त्या अभ्यासाने सांगितलेले नाही. पण या प्रकारची औषधे शरीरात वर्षानुवर्षे साचून राहत नाहीत एवढे त्यातून कळते, आणि आजवरच्या खाण्याबद्दल स्वतःला दोष देत बसण्याचे काही कारण उरत नाही.

सेंद्रियचा ठोस फायदा म्हणजे अंश कमी असणे, हे एकदा मान्य केले की पैसे कोठे खर्चावेत हे ठरवता येते, कारण सगळ्या पिकांवर सारखी फवारणी होत नाही. वांग्याचे उदाहरण पाहा. शेंडे आणि फळे पोखरणारी अळी हा वांग्याचा मोठा शत्रू. तिचा पतंग पानावर अंडी घालतो, अंड्यातून निघालेली अळी कोवळ्या शेंड्यात किंवा फळात शिरते आणि आपल्या विष्ठेने मागचे छिद्र बुजवून टाकते. एकदा ती आत गेली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून शेतकरी ती आत शिरण्याआधीच तिला गाठण्यासाठी पुन्हा पुन्हा फवारत राहतो. त्यात वांग्याची तोडणी दर चार-पाच दिवसांनी होत असते. फवारणी आणि तोडणी यांत ठराविक दिवसांचे अंतर राखावे असे औषधाच्या वेष्टनावर छापलेले असते, पण फळ तयार आहे आणि भावही चांगला आहे अशा वेळी ते अंतर पाळणे शेतकऱ्याला परवडत नाही. भेंडी, चवळी, हिरवी मिरची यांची गत थोड्याफार फरकाने अशीच आहे, आणि फुलकोबीच्या गड्ड्यात व कोथिंबिरीच्या जुडीत आतपर्यंत धुणेही नीट होत नाही. याउलट नारळ, फणस, अननस, केळी, कलिंगड यांची साल आपण टाकून देतो, सुरण आणि कणगी सोलूनच शिजवतो, कांद्याचे वरचे पापुद्रे काढतो. या सगळ्यांसाठी दुप्पट पैसे मोजणे, तुमच्यासारख्या एका पगारावर चालणाऱ्या घरात, मला अनावश्यक वाटते.

तांदळाचे उत्तर सोपे आहे. कांडून पांढऱ्या केलेल्या तांदळात कीटकनाशकांचा अंश फारसा उरत नाही, कारण बराचसा भाग तूस आणि कोंड्याबरोबर निघून जातो. रोज तिन्ही त्रिकाळ लागणाऱ्या धान्यावर दुप्पट खर्च करण्याऐवजी गावचा उकडा तांदूळ घ्यावा. उकडताना ब जीवनसत्त्वाचा काही भाग कोंड्यातून दाण्यात उतरतो, म्हणून तो मुलासाठी सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा बरा. सासूबाईंच्या ओळखीत कोणी खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, कोरगुट पिकवत असेल तर फारच उत्तम. खारे पाणी सोसणाऱ्या या जुन्या वाणाला परंपरेने खत-औषध फारसे लागत नाही.

सासूबाईंचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. म्हापशाच्या बाजारात बार्देस आणि पेडण्याहून येणाऱ्या बायकांची भाजी बेळगावहून ट्रकने आलेल्या भाजीपेक्षा ताजी असते, आणि बऱ्याचदा ती घराजवळच्या लहान वाफ्यातली असते. परंतु गावठी असली म्हणजे ती सेंद्रियच आहे असे नाही. आपल्याकडेही हिवाळी भाजीला युरिया आणि सुफला सर्रास टाकतात आणि कीड पडली की जवळच्या दुकानातून औषध आणून मारतात. फरक एवढाच की येथे पिकवणारी बाई तुमच्या समोर बसलेली असते आणि तिला विचारता येते. "सेंद्रिय आहे का?" असे विचारू नये, त्याला सगळे हो म्हणतात. वांगी घेताना, "झाडाचे शेंडे कोमेजले तर तुम्ही काय करता?" असे विचारावे. जी बाई "कोमेजलेले शेंडे अळीसकट खुडून जाळते" किंवा "कृषी खात्याने दिलेले सापळे लावले आहेत" असे सहज सांगते, तिला बिनफवारणीची शेती ठाऊक आहे. "शेवटचे औषध कधी मारले?" या प्रश्नालाही गावातली माणसे बहुधा खरे उत्तर देतात, विशेषतः तुम्ही दर शुक्रवारी त्यांच्याकडेच जाऊ लागलात तर. पावसाळ्यात टायकिळा, तेरे, कुड्डुकेची भाजी, फागला हे सगळे रानातून येते आणि त्यावर कोणी कधी औषध मारत नाही. फक्त ती हमरस्त्याच्या कडेची खुडलेली नाही ना, एवढे विचारून घ्यावे.

दुकानातले पाकीट घेताना मात्र विचारण्याची सोय नसते, तेथे शिक्काच पाहावा लागतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद मालाला दोनपैकी एका पद्धतीचे प्रमाणपत्र लागते. एक पद्धत वाणिज्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची, ज्यात मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था शेताची तपासणी करते. दुसरी कृषी मंत्रालयाची सहभागी हमी पद्धत, ज्यात शेजारच्या शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेती तपासतो. अशा मालावर 'जैविक भारत' हे हिरवे चिन्ह असते. हंगामी पिकाला साधारण दोन वर्षे आणि फळबागेला तीन वर्षे रसायने बंद ठेवल्याशिवाय पूर्ण प्रमाणपत्र मिळत नाही. स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला या प्रमाणपत्रातून सूट आहे, म्हणून बाजारातल्या बाईकडे शिक्का नाही याचा अर्थ ती खोटे बोलते आहे असा घेऊ नये. उलट, चकचकीत पाकिटावर नुसते 'नैसर्गिक' किंवा 'रसायनमुक्त' असे छापलेले असेल आणि चिन्ह नसेल, तर त्याला जास्तीचा एक रुपयाही देऊ नये. तुम्ही ज्या दुकानातून माल आणता तेथील सुटी भाजी कोणत्या शेतातून येते, हेही एकदा स्पष्ट विचारा. दुकानदाराला ते सांगता आले नाही, तर तुम्ही दुप्पट भाव कशासाठी देत आहात, हा प्रश्न रास्त ठरतो.

सेंद्रिय शेतीत फवारणी मुळीच नसते, अशी समजूत तुमच्या नणंदेची असण्याची शक्यता आहे. आपल्या कुळागरांत पोफळीच्या कोळेरोगावर पावसाळ्याआधी जे बोर्डो मिश्रण मारतात, ते मोरचूद आणि चुन्याचे असते, आणि तांब्याची अशी औषधे सेंद्रिय शेतीलाही मर्यादित प्रमाणात चालतात, जरी तांबे मातीत साचत जाते. शेणखत नीट कुजलेले नसेल तर त्यातून जंतूंचा धोका असतो तो वेगळाच. जर्मनीत २०११ साली एका सेंद्रिय शेतातील मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय जंतूची साथ पसरून पन्नासहून अधिक माणसे दगावली होती. म्हणून लहान मुलाला कच्चे मोड देऊ नयेत, ते वाफवूनच द्यावेत, माल कोणत्याही शेतातला असो.

धुण्याबद्दलही दोन शब्द. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली सफरचंदांवर प्रयोग झाला, त्यात एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम, म्हणजे साधारण दोन लहान चमचे, खाण्याचा सोडा घालून फळे बारा ते पंधरा मिनिटे बुडवून ठेवल्यावर पृष्ठभागावरील दोन औषधांचा मोठा भाग निघून गेला. सालीच्या आत मुरलेला भाग मात्र निघाला नाही. वांगी, भेंडी, द्राक्षे, सफरचंद यांना हा उपाय घरोघरी करण्यासारखा आहे, त्यानंतर साध्या वाहत्या पाण्याने चोळून धुवावे. पालेभाजीला तीन पाणी बदलून धुणे पुरेसे आहे.

हे सर्व लिहिल्यावरही सेंद्रिय शेती वाढावी असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे मुख्य कारण खाणाऱ्याच्या ताटापेक्षा फवारणाऱ्याच्या शरीराशी जोडलेले आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्यू पावले. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, केरळच्या कासरगोडमध्ये, काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले आणि तेथील गावांत व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांच्या पिढ्या वाढल्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर बंदी घातली ती २०११ साली. ग्राहकाच्या भाजीत पोहोचणाऱ्या सूक्ष्म अंशाच्या कित्येक पटींनी औषध पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या कातडीतून आणि श्वासातून आत जाते. त्याचे हाल कमी व्हावेत म्हणून कोणी ऐपतीप्रमाणे चार पैसे जास्त देत असेल तर ते अत्यंत चांगले काम आहे. नणंदबाईंना तुम्ही हे सांगू शकता, आणि त्यांच्या खरेदीचा आदरही करू शकता. मात्र ज्या घरात तो जास्तीचा पैसा मुलाच्या फळांतून काढावा लागतो, त्या घराला कोणी गुन्हेगार म्हणू नये, हेही त्यांना शांतपणे पण ठामपणे सांगावे. ते तुमच्याऐवजी तुमच्या यजमानांनी बहिणीला सांगितले तर अधिक बरे होईल.

खर्चाची मांडणी मी अशी सुचवीन. वांगी, भेंडी, हिरवी मिरची आणि कोथिंबीर शुक्रवारी ज्या बाईच्या उत्तराने तुमचे समाधान होईल तिच्याकडून घ्यावी, आणि तशी कोणी मिळाली नाही तर एवढ्याच वस्तू सेंद्रिय दुकानातून. बाकीची भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून सवलतीच्या दरात आणावी. ती बरीचशी बेळगावची असते, धुऊन शिजवून निर्धास्तपणे द्यावी. डाळी आणि तांदूळ नेहमीच्या वाण्याकडचे पुरेत. वाचलेल्या पैशांत केळी, पपई, पेरू आणि हंगामात कलिंगड आले पाहिजे. मासळीला सेंद्रियचा हिशेब लावू नका, समुद्रात पकडलेल्या माशाला ते प्रमाणपत्र लागूच होत नाही. २०१८ साली मासळी टिकवण्यासाठी तिला फॉर्मेलिन हे रसायन लावल्याच्या प्रकरणाने आपण सगळे हादरलो होतो, तेव्हाही मुद्दा मासळी कोठून, किती दिवसांनी आणि कशात ठेवून येते हाच होता.

घराभोवती चार हात जागा असेलच. पाऊस ओसरला की तांबडी भाजीचे बी वाळूत मिसळून, कुजलेल्या शेणखताच्या वाफ्यात विरळ टाकावे आणि रोज हलके पाणी द्यावे. तीन-चार आठवड्यांत ती काढणीला येते, म्हणून दर पंधरा दिवसांनी नवा वाफा पेरत गेलात तर फेब्रुवारीपर्यंत खंड पडणार नाही. बी सासूबाईंकडून घ्यावे आणि पेरणीही त्यांच्याच हाताने करून घ्यावी.